पोटातला गोळा

मी रहिमतपूरला दहावीला गणित शिकवते आणि पोरांची परीक्षेची भीती घालवायचं कामही हेडसरांनी माझ्याच गळ्यात मारलंय. म्हणजे आग लावायची मी आणि पाणीही मीच ओतायचं! मधल्या सुट्टीत मी लायब्ररीच्या कोपऱ्यात बसते. तिथं पोरं येतात, त्यांचे आईबाप येतात आणि किस्से साठत जातात. स्टाफरूममध्ये ते सांगितले की सगळे हसतात. समोर पोरगं थरथरत बसलेलं असतं तेव्हा मात्र हसू येत नाही.

* * *

सुरुवातीला मी ट्रेनिंगमध्ये शिकवलं तसंच करायची. डोळे मिटा, लांब श्वास घ्या, आवडती जागा डोळ्यांपुढं आणा. दहावीतला ओंकार मधेच दचकून उठला.

"काय दिसलं रे?"

"घरामागचा ऊस दिसला मॅडम. आन त्यातनं तुमी पेपर घिऊन आलासा."

तेव्हापासून मी डोळे उघडेच ठेवायला सांगते.

* * *

आमच्याकडं बोर्डाच्या आधी पाहुणे भेटायला येतात. पेन द्यायचं आणि "टेन्शन घेऊ नको" म्हणत नवं टेन्शन देऊन जायचं. साहिल अशी मूठभर पेनं घेऊन आला. रडवेला झाला होता.

"आत्याच्या पेनानं लिवलं आन चांगलं मार्क पडलं तर मामी रुसणार. कमी पडलं तर आत्या जन्मात बोलायची न्हाई."

"मग स्वतःचं पेन घे."

"मग दोघी बी रुसतील की."

त्याला गणिताची भीती नव्हतीच.

* * *

पालकसभेत एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "आमच्या घरात भ्या हा शब्दच न्हाई." त्यांचा मुलगा महिनाभर नीट जेवत नव्हता. मी सगळ्या पालकांना बाकांवर बसवलं, एकेक कागद पालथा ठेवला आणि घंटा होईपर्यंत उलटू नका म्हणाले. सुभेदारांनी घाम पुसला, मग करंगळी वर केली. बाहेर जाऊन आले.

घंटा झाली. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला.

"तुमीच बघा आदी."

कागद दोन्हीकडून कोरा होता.

* * *

कोमल माण तालुक्यातली. वडील मुंबईला कामाला आणि आई पोरीच्या शाळेसाठी इथं खोली घेऊन राहिलेली. परीक्षेच्या आधी आई गावी जाऊन देवाला कौल लावून आली. कौल म्हणजे मूर्तीला दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

आई लायब्ररीत आली. "डावी पडली वो मॅडम. तिला सांगू नगासा. पेपरलाच जायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी कोमल आली. "गावातल्या मैत्रिणीनं फोन केलता. डावी पडली म्हणं. मला कळलंय ते आईला सांगू नका. लय भिईल ती."

दोघींना मी हो म्हणाले. रात्री माझीच झोप उडाली.

पहिल्या पेपरला मी गेटवर उभी होते. पोरं आत चालली होती. कोमल गेटच्या पायरीपाशी थांबली आणि तिथंच खाली बसली. हात धरला तर गार. "मला न्हाई जमायचं," एवढंच म्हणत होती. घंटा व्हायची वेळ झाली होती.

तिची आई पुढं आली. पोरीच्या कपाळाला अंगारा लावला.

"ऊठ. तुला सांगायचं राहिलं. देवानं उजवी दिलीय."

कोमलनं आईकडं पाहिलं. "ठाव हाय मला," म्हणाली. उठली, ओढणी नीट केली आणि आत गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"मॅडम, देवाचं नाव घिऊन खोटं बोलले मी. आता त्यो कुणावर कोपंल वो? माझ्यावर का पोरीवर?"