मापाचं गाणं

आमच्या तुळजावहिनीला गप्प बसण्याचं वावडं होतं. ती चुलीशी बोलायची, म्हशीशी बोलायची, उतू जाणाऱ्या दुधाला रागवायची. त्यामुळं पोटात लेकरू आहे म्हटल्यावर तिनं पोटाशीही गप्पा सुरू केल्या, याचं मला काही नवल वाटलं नाही. खरं नवल पुढं होतं. पोरगी झाली, बारसं झालं, शिवकन्या नाव ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी वहिनीनं पाळण्यात शाळा भरवली.

मी तिची नणंद. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं, म्हणून या शाळेचा सगळा कारभार मी अगदी जवळून पाहिला. अजूनही सांगायला बसले की धीर धरवत नाही, आधी शेवटच सांगून टाकावासा वाटतो. पण नको, रीतीनं सांगते.

दिंद्रुडच्या सहकारी दूध संस्थेचं दूध आमच्या ओसरीवर गोळा व्हायचं. माझा भाऊ सुंदरराव संस्थेचा सचिव होता, पण तो सह्यांपुरता. दिवस उगवायला ओसरीवर उभी राहायची ती वहिनी. मी लॅक्टोमीटर बुडवून दुधात पाणी आहे का ते पाहायची आणि ती मापानं कॅनमध्ये ओतायची.

आता आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं पुढं. वहिनी दुधालाही तेच करायची, आणि तेही गाऊन. तिचे वडील भजनात पेटी वाजवायचे, त्यामुळं सुराशिवाय तिच्या हातून कामच होत नसे. शेजारची आमिनाबी, म्हणजे मोटार दुरुस्त करणाऱ्या इलियासची आई, दूध घेऊन आली की गाणं बदलायचं. तिच्या घरी पहिल्या मापाला बरकत म्हणतात, म्हणून वहिनी गायची बरकत, दो, तीन. वडारवस्तीवरनं बायनाबाई यायची. त्यांच्या घरची बोली तेलुगूच्या जवळची. तिच्या किटलीला लाभमु, रेंडु, मूडु. चाल मात्र तिन्हीकडं एकच होती.

पाळणा ओसरीवरच टांगलेला. वहिनीनं दोघींना बजावून ठेवलं होतं, की माझ्या पोरीशी बोलायचं ते आपल्या घरच्या बोलीत, मराठीत एक शब्द नको. आमिनाबी आधी हसली, मग पाळण्याची दोरी धरून अंगाई म्हणू लागली. बायनाबाई तर माप झालं तरी हलायची नाही. गाढवांची, पाट्या-वरवंट्यांची सगळी हकीकत ती त्या तान्ह्या जिवाला सांगत बसायची, आणि पोरगी अशी कान देऊन ऐकायची की मला हेवा वाटायचा. माझं एवढं मन लावून घरात कुणी ऐकत नव्हतं.

वाचनही होतं. वहिनीनं समोरच्या भिंतीवर गेरूनं हातभर उंचीची अक्षरं काढली. कॅनवर संस्थेचं नाव उठावाचं होतं, त्यावरनं ती लेकराचं इवलं बोट फिरवायची. फडताळात घातलेल्या वर्तमानपत्राची रद्दीसुद्धा ती शिवकन्येला वाचून दाखवायची. एकदा शेंगदाण्याचे भाव वाचताना मी तिला पकडलं आणि पोट धरून हसले. ती म्हणाली, हसा वन्सं, लेकराचं डोकं काय रांजण हाय का, भरला की सांडायला?

पण पोरगी दोन वर्षांची झाली, त्याच्याही पुढं गेली, तरी बोलेना. आई नाही, बाबा नाही, काही नाही. आमिनाबीनं पानी मागितलं तर तांब्या आणून द्यायची. बायनाबाईनं हाक मारली की दुडुदुडु पळत जायची. भिंतीवरच्या शि वर बोट ठेवून स्वतःच्या छातीवर थोपटायची. कळत सगळं होतं, फक्त तोंड मिटलेलं.

माझी आई केशरबाई म्हणजे जमदग्नीचा अवतार. तिनं वेखंड उगाळून मधात चाटवलं. बीडच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कान चांगले आहेत, वाट बघा. आईला वाट बघणं कधी जमलंच नव्हतं. मग माझा मामा बद्रीनाथ आला. त्यानं शिवकन्येसमोर एक बोट धरलं आणि म्हणाला, म्हण एक. पोरीनं बोट पाहिलं, मामाच्या मिशा पाहिल्या आणि खुदकन हसली. मामानं पुन्हा बोट नाचवलं. एक, म्हण एक. ती उठून मांजरामागं निघून गेली. जाताना मामा आईच्या कानाला लागला, की पोर खुळी निघणार. तेव्हापासून घरी येईल तो तिच्यापुढं बोट धरून एक म्हणायला लावायचा.

त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा तोंड फिरवलं होतं. कडबा मिळेना, गावातली जनावरं आटली. चार कॅन भरायचे तिथं एक भरायची मारामार होती. संस्थेची जीप मात्र रोज येत होती, तेवढाच गावाला आधार. आईचा सगळा राग त्या उन्हाळ्यासारखा तापत गेला आणि एके दिवशी वहिनीवर फुटला.

"तीन बोल्यांची खिचडी करून घातलीस तिच्या डोस्क्यात. कुठला शब्द काढावा, तेच तिला कळंना. उद्यापासून गाणं बंद. आमिनाबी, बायनाबाईचं बोलणं बंद. माप मुक्यानं भरायचं. न्हाईतर पोरीला घेऊन मी कपिलधारला, देवाच्या दारात जाऊन बसते."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार वहिनी. मी पदर खोचून तिच्या बाजूनं भांडायला तयारच होते. पण ती खाली मान घालून म्हणाली, बरं आत्याबाई, मुक्यानं भरते. संध्याकाळी गोठ्यात मी तिला गाठलं, तर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"वन्सं, आत्याबाईचं खरं असंल तर? मी हौसेपायी माझ्याच लेकराची वाचा घालवली असंल तर?"

मला रडू आलं आणि आईचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी आई पहारा करायला ओसरीवर पाट टाकून बसली. शिवकन्या कॅनला टेकून बसलेली. पहिला आला राधाकिशन, पलीकडच्या आळीतला. मी दूध पाहिलं. वहिनीनं माप भरलं, वर उचललं, ओठ घट्ट मिटले आणि ओतलं. धार कॅनच्या तळाला पडल्याचा आवाज त्या ओसरीवर मी प्रथमच इतका स्पष्ट ऐकला.

शिवकन्येनं वहिनीकडं पाहिलं. मापाकडं पाहिलं. परत वहिनीकडं. काहीतरी राहून गेलंय, हे तिला सहन होईना. ती कॅनला धरून उभी राहिली आणि गायली.

"लाभ."

चालीसकट. वहिनीच्या सुरात. राधाकिशनच्या हातातली किटली कलंडली आणि मी लॅक्टोमीटर फोडला. वहिनीनं मात्र दिलेला शब्द पाळला. दुसरं माप भरलं. पोरगी म्हणाली दोन.

मागं आमिनाबी उभी होती. आता ही लाभ म्हणाली, तर आई म्हणेल झालीच खिचडी. वहिनीनं आमिनाबीचं माप उचललं. पोरीनं मान वळवून कुणाचं दूध ते नीट पाहिलं.

"बरकत."

आमिनाबीनं जागच्या जागी कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली. बायनाबाई तर रांग मोडून पुढं आली. दुष्काळात तिच्या किटलीत जेमतेम दोन मापं होती. लाभमु, रेंडु. बायनाबाई मटकन खाली बसली आणि आपल्या बोलीत हसत रडत काय काय बोलत सुटली. पोरगी तिच्या मांडीत जाऊन बसली आणि तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवू लागली.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एवढ्या दिवसांत, एवढ्या माणसांनी तिला एक म्हण, एक म्हण म्हणून छळलं होतं, आणि आमच्या ओसरीवर मोजणी कधी एकानं सुरू झालीच नव्हती. ते आम्हा कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मामा येऊन गेला ते आठवलं आणि मी एवढी हसले, की रांगेतल्या लोकांना वाटलं दुष्काळानं हिचंही डोकं फिरलं.

आई मात्र पाटावर तशीच बसून होती. तिचा चेहरा मला वाचता येईना. सगळे गेल्यावर ती उठली, आत गेली आणि आमच्या म्हशीचं तांब्याभर दूध घेऊन आली. वहिनीच्या हातातलं माप तिनं काढून घेतलं, भरलं, वर धरलं आणि नातीकडं पाहिलं. पोरगी गप्प. आमच्या घरचं दूध नेहमी शेवटी, न मोजता कॅनमध्ये जायचं. त्याचं गाणंच नव्हतं.

आईचा हात तसाच वर. आई जन्मात कधी गायली नव्हती. ओव्यासुद्धा तिनं दुसऱ्यांच्या ऐकल्या होत्या. तिनं घसा खाकरला आणि अगदी बेसूर, फाटक्या आवाजात म्हटलं,

"लाभ."

शिवकन्या टाळ्या पिटत उठली. आईनं माप ओतलं, दुसरं भरलं.

"दोन, आज्जी," शिवकन्या म्हणाली.

तांब्यातलं दूध तिथंच संपलं. पण आई थांबली नाही. तिनं रिकामं माप तांब्यात बुडवलं, वर काढलं आणि कॅनमध्ये ओतल्यासारखं केलं. पोरगी म्हणाली तीन. आईनं पुन्हा बुडवलं. वहिनी खांबाला धरून रडत होती आणि दारात जीपवाला हॉर्न वाजवत होता. आईनं मान वर न करता मला सांगितलं, थांब म्हण त्याला, आमचं माप अजून व्हायचंय.