बोक्याच्या वाटणीचं सूप

नर्सिंग कॉलेजात त्यांना सगळे वायरमामा म्हणत. खांद्यावर कायम केबलचं वेटोळं, खिशात टेस्टर, आणि कान असे तिखट की स्पीकर नुसता गुणगुणला तरी कुठला जोड ढिला आहे ते बसल्या जागी सांगत.

"मामा, भिंतीआड मुंगी शिंकली का हो?" मुली चेष्टा करायच्या.

"शिंकली नाही, घोरत होती. तुमच्याच वर्गातली असेल," मामा म्हणायचे.

बायकोला कॅन्सर निघाला आणि या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा गॅस पेटवला. त्याआधी स्वयंपाकघरात ते फक्त बल्ब बदलायला जात. आता पहाटे उठून गाजर, भोपळा, डाळ शिजवायचे, घोटायचे, बारीक चाळणीतून गाळायचे आणि थर्मासात भरून मामींच्या उशाशी ठेवून कामावर जायचे. संध्याकाळी थर्मास धुऊन पालथा घातलेला असायचा.

"कसं झालं होतं?"

"छान झालं होतं हो."

"दुखतंय का गं?"

"नाही हो."

"मळमळ?"

"कसली मळमळ!"

एवढं ऐकलं की मामा देवाचे आभार मानून आडवे व्हायचे आणि पडल्या पडल्या झोपायचे. केमो चालू असून बायको इतकी टुकटुकीत, ही त्यांना आपल्या सुपाची आणि वरच्याची कृपा वाटायची. त्या दिवसांत शेजाऱ्यांचा बोका मात्र फार फुगला होता. "हा लेकाचा कुणाच्या जिवावर माजलाय?" मामा म्हणायचे. मामी खिडकीकडे बघत म्हणायच्या, "देव सगळ्यांना देतो."

कॉलेजातल्या मॅडम कॅन्सरच्या रोग्यांच्या त्रासावर संशोधन करत होत्या. रोगी डॉक्टरांना काय सांगतात, काय गिळून टाकतात आणि का गिळतात, हा त्यांचा विषय. शिकाऊ मुली रोग्यांशी बोलायच्या, त्यांच्या परवानगीने ते रेकॉर्ड व्हायचं आणि मग तेच वर्गात ऐकवून पुढच्या मुलींना शिकवायचं, अशी रीत होती. रोगी ओळखू येऊ नये म्हणून आवाज बदलायचं काम मामांकडे. कुणाचं काय काय ऐकलं असेल त्यांनी, पण बाहेर ब्र नाही. "मॅडम, आपलं कानातलं तोंडात येत नाही," असं ते छाती पुढे काढून सांगायचे.

म्हणून मामींना केमोसाठी दोन दिवस कॉलेजच्याच दवाखान्यात ठेवलं तेव्हा मामाच आपणहून मॅडमकडे गेले. "आमच्या घरातल्यांनाही घ्या तुमच्या अभ्यासात. तिला काही त्रास नाही म्हणा, पण मुलींना एक चांगली केस बघायला मिळेल."

मॅडमनी घेतलं. त्यानंतर रोज सकाळी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "मामा, घरी कसं आहे?"

"उत्तम!"

"बरं," म्हणून मॅडम वर जायच्या.

त्या दिवशी मॅडमनी मामांना मागच्या इमारतीतले पंखे बघायला धाडलं होतं. मामा शिडीवर असताना एक मुलगी धापा टाकत आली. "मामा, वर्गातला स्पीकर चिरकतोय. मॅडम म्हणाल्या राहू दे, चालवून घेऊ. पण काही कळतच नाही हो. पटकन या ना."

मामा मागच्या दाराने वर्गाला लागून काचेआड असलेल्या मशीनच्या खोलीत शिरले. जोड दाबला. आवाज स्वच्छ झाला. जाड, पुरुषी, बरणीत तोंड घालून बोलल्यासारखा. मामांना आधी रागच आला. हे भिकार काम कुणी केलं? आपल्याला सोडून कुणाला दिलं?

आवाज सांगत होता, "सूप करून ठेवतात. पहाटे उठून, गाळूनबिळून. झाकण काढलं की लोखंडाचा वास येतो मला. तोंडात खिळे धरल्यासारखं होतं. मग शेजारचा बोका येतो. त्याच्या बशीत ओतते. देव सगळ्यांना देतो."

वर्ग खदखदून हसला. मामांचा हात बटणावर होता, तो तिथेच राहिला.

"अजून काय होतं?" रेकॉर्डिंगमधली मुलगी विचारत होती.

"तळपाय पेटतात. रात्री भिंतीकडे तोंड करून पडते, म्हणजे दिसत नाही."

"घरी का नाही सांगत?"

"ते विचारतात गं. पण विचारतानाच अशी मान हलवत असतात, नाही म्हण, नाही म्हण. मी नाही म्हटलं की गाढ झोपतात. हो म्हटलं तर रडत बसतील. मग त्यांना सांभाळायचं कुणी? तेवढं बळ नाही राहिलं आता, बाई."

आता वर्गात कुणी हसलं नाही. मॅडम मुलींना समजावायला लागल्या, "बघा, ज्या प्रश्नात 'नाही' हे उत्तर आधीच भरलेलं असतं, तो प्रश्न विचारायचा नाही. आज सगळ्यात वाईट काय होतं, असं विचारायचं. आणि मग गप्प बसायचं." बोलता बोलता त्यांची नजर काचेकडे गेली. काचेआड मामा उभे होते.

मॅडम वर्ग तसाच सोडून आत आल्या.

"तुम्ही रोज विचारत होतात मला," मामा म्हणाले.

"हो."

"आणि मी उत्तम म्हणत होतो. येड्यासारखा. एकदा तरी म्हणायचं, मामा, जरा नीट बघा घरात."

"त्यांना शब्द दिला होता, मामा. डॉक्टरांना सांगू दिलं त्यांनी, औषधही चालू आहे. फक्त घरी नको, एवढंच मागितलं." मॅडमचा आवाज खाली गेला. "कानातलं तोंडात येत नाही, हे तुमच्याकडूनच शिकले मी."

"म्हणजे गावभर झालं आणि घरधन्याला पत्ता नाही," मामा म्हणाले, आणि केबल तिथेच टाकून घरी निघाले.

रस्ताभर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. बायकोचं दुखणं नव्हे, त्याचं वाईट पुढे वाटायचंच होतं. आपण निवांत घोरत होतो आणि हातभर अंतरावर ती भिंतीकडे तोंड करून जागी होती, आणि हे विसाव्या वर्षातल्या परक्या पोरीला माहीत होतं, हे.

मामी पलंगावर टेकून बसल्या होत्या. थर्मास धुतलेला, पालथा.

"आज लवकर? बरं नाही का वाटत?"

"कसं झालं होतं आज?"

"छान झालं होतं हो. किंचित मीठ कमी होतं, पण छान."

ते मीठ मामांना फार लागलं. नुसतं छान म्हणाली असती तर एक वेळ चाललं असतं. हे तर खोट्याला काठपदर लावल्यासारखं झालं. किती दिवस ही अशी नक्षी काढत होती?

ते स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात उरलेलं सूप बशीत ओतलं, खिडकीत ठेवलं. हाक मारायचीही गरज पडली नाही. बोका घरच्या जावयासारखा ऐटीत आला आणि जेवायला बसला.

मामी बघत राहिल्या. "कुणी सांगितलं?"

"तूच. वर्गभर पोरींसमोर."

"आवाज बदलणार होत्या त्या!"

"बदलला होता. बोका बदलायचा राहिला."

मामींना हसू फुटलं. मामांना नाही.

"हसू नकोस. जन्मभर एका छपराखाली राहून मी कोण गं? परक्या पोरीला सांगतेस, मला नाही?"

"ती पोर ऐकून घेते आणि उठून आपल्या घरी जाते. तुम्ही इथंच असता. रात्रभर." मामींचं हसू विरलं. "आणि मी तरी कुणावर भरवसा ठेवायचा? कुणाला कळणार नाही म्हणाल्या होत्या. शेवटी कळलं ते नेमकं ज्याला कळायला नको त्यालाच."

बोका बशी चाटून निघून गेला. मामांना ओरडायचं होतं, पण ओरडायला समोर धडधाकट माणूस लागतं. शेवटी ते उठून पलंगाच्या पायथ्याशी बसले.

"आज सगळ्यात वाईट काय होतं?"

मामींनी दचकून वर बघितलं. "हे कुणी शिकवलं?"

"सांग."

"मान हलवू नका मग."

"नाही हलवत."

मामा खरंच गप्प राहिले. मामींनी सांगितलं. हळूहळू, अडखळत, लोखंडापासून तळपायांपर्यंत. मध्येच मामांचे डोळे वाहायला लागले.

"बघा. म्हटलं नव्हतं?"

"वाहू दे. माझं मी पुशीन. तू बोल."

त्या बोलल्या. मग दमून म्हणाल्या, "आता जरा बरं वाटतंय."

हे ऐकलं की मामांना झोप यायची. आज आली नाही. हेही खरं की त्या मिठासारखंच? ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि ते बघणं मामींना कळलं.

"विश्वास नाही ना बसत आता?"

मामा पालथ्या थर्मासाकडे बघायला लागले.

"मग हात लावून बघा," म्हणत मामींनी आपले दोन्ही पाय, आजवर चुकूनसुद्धा त्यांना न लागू दिलेले, नवऱ्याच्या मांडीवर ठेवले. "बघा, आतून निखारे आहेत नुसते."

मामांनी तळवे हातात धरले. ते बर्फासारखे गार होते. "कुठला जास्त भाजतोय?" मामांनी मान न हलवता विचारलं.