मधल्या टेबलावरच्या तिघी

पोर्तुगालमधल्या सेतूबाल बंदरातल्या सार्डिन मासळीच्या कारखान्यात दिओलिंदा माझ्या शेजारी एकोणीस वर्षं उभी राहिली. बोटी आल्या की भोंगा व्हायचा आणि अंगावर असतील त्या कपड्यांनिशी आम्ही पळत सुटायचो. मासळीची मुंडकी उडवून डबे भरण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. अकराव्या वर्षीच कामाला लागली होती. नवरा फ्रान्सला गेला तो तिकडचाच झाला. तिनं त्याच्यासाठी टिपूससुद्धा गाळलं नाही. "गेला तर गेला, एक ताट कमी घासायचं," एवढंच म्हणाली.

पंच्याहत्तर सालचा मे महिना. हुकूमशाही उलथून वर्ष झालं होतं. दिओलिंदा मला आणि आमच्याच रांगेत काम करणाऱ्या झुलमीराला म्हणाली, "चला, माझ्या गावाला जाऊ. जन्मात कुठं हिंडलोय आपण?"

गाव बेजा शहराच्या पुढं, गव्हाच्या रानात. बसमध्ये तिनं सांगितलं, लहानपणी बापाला बोलवायला आई तिला खानावळीवर धाडायची. तिनं उंबऱ्याबाहेरूनच हाक मारायची; बाईमाणसानं आत पाऊल टाकायचं नाही. "आतून लसूण-कोथिंबिरीचा वास यायचा. आज मी आत बसून जेवणार."

"आणि नाही बसू दिलं तर?" झुलमीरानं विचारलं.

"तर बसूनच राहणार."

रविवारची दुपार होती. खानावळीत भिंतीला लागून वाइनचे पुरुषभर उंच रांजण आणि बाकांवर पंधरा-वीस पुरुष. आम्ही तिघी आत शिरलो तशी बोलणी थांबली. कोपऱ्यात दिओलिंदाचा थोरला भाऊ जासिंतू बसला होता. त्यानं बहिणीला ओळखलं आणि मान खाली घातली.

मालक अबीलियू पुढं आला. "बाई, तुमची माणसं मागनं येताहेत का?"

"आम्हीच आमची माणसं," म्हणत दिओलिंदा मधल्या टेबलाशी बसलीसुद्धा.

"बायकांची सोय मागं अंगणात असते. छान सावली आहे तिथं."

"सावली इथंही आहे."

"स्वयंपाक संपलाय."

"मग त्यांच्या ताटात काय, शेण आहे?"

एक म्हातारा ओरडला, "शहराचं वारं लागलंय! उद्या ह्या दाढ्यासुद्धा राखतील!"

"राखू की," झुलमीरा म्हणाली, "पण तुमच्यासारखी नाही, आजोबा. उवा होतात."

दोघं-तिघं हसले. जासिंतूला ते सोसेना. तो उठून आमच्यापाशी आला. "दिओलिंदा, ह्या गावात मला तोंड दाखवायचं असतं. ऊठ."

"तुझ्या तोंडानं तू जेव. मी माझ्या तोंडानं जेवते."

तो तडक बाहेर निघून गेला. आम्ही बसून राहिलो. अर्धा तास आमच्यापुढं कुणी पाण्याचा पेलासुद्धा ठेवला नाही.

मग अबीलियूची बायको जेर्त्रूदिश स्वयंपाकघराच्या दारात आली. बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. "ह्यांना कुणी वाढलं का नाही?"

"ह्या बाहेर जायला तयार नाहीत," अबीलियू म्हणाला.

"का जावं?"

ती आत गेली. थोड्या वेळानं पुरुषांनी आणखी मटण मागितलं, तर आतून काहीच येईना. अबीलियू आत धावला. बायकोचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला : "चूल मी पेटवली, पातेलं मी चढवलं. आधी त्या तिघी. तोवर कुणाला घासही मिळणार नाही."

तो बाहेर आला, तो नुसताच टेबल पुसत राहिला. तिनं स्वतः मोठा वाडगा आणून आमच्यापुढं ठेवला. लसूण-कोथिंबिरीच्या कढत पाण्यात भिजलेला शिळा पाव, वर अंडी. दिओलिंदानं पहिला चमचा तोंडात घातला. सगळी खोली तिच्याकडं बघत होती.

"मीठ जास्त पडलंय," ती म्हणाली.

"रागात पडलं," जेर्त्रूदिश म्हणाली.

"बसा ना आमच्याबरोबर."

"आज नको. भांडी पडलीत." पण जाताना तिनं आपल्या खांद्यावरचं फडकं नवऱ्याच्या हातात दिलं.

जासिंतूनं त्या दिवसापासून बहिणीशी बोलणं टाकलं. आईच्या मातीलासुद्धा तो तिच्यापासून लांब उभा राहिला. गावाचं नाक कापलं म्हणे तिनं. दिओलिंदानं माफीचं एक अक्षर लिहिलं नाही. उलट कारखाना बंद पडल्यावर गावातच, त्याच्या घरापासून तिसरं घर घेतलं. "रोज दिसणार मी त्याला. बघू किती दिवस टिकतो."

टिकला तो दोन हिवाळे. तिसऱ्या हिवाळ्यात त्यानं तिच्या दारात गाडीभर सरपण टाकलं. ते तिनं ढकलगाडीनं, चार खेपा करून, त्याच्याच दारात परत नेऊन ओतलं. मी तेव्हा तिच्याकडं गेले होते. दोन खेपा मीही केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जासिंतू स्वतः आला. टोपी काढून उंबऱ्याशी पुटपुटला, "चुकलं माझं."

"मोठ्यानं," दिओलिंदा म्हणाली.