बार्नबीने सोडलेला झेल

बेंडिगोच्या सोन्याच्या खाणींत बाप राबला, पण बार्नबी ट्रेगीअर रमला क्रिकेटच्या मैदानात. हातात आलेला झेल त्याने जन्मात कधी सोडला नव्हता. चाळिशीत गुडघा दगा देऊ लागला आणि स्वारीला वर्तमानपत्राची ओढ लागली. त्या काळी सामन्याची हकीकत खेळणाऱ्यांपैकीच कोणीतरी टोपणनावाने लिही आणि बेधडक स्वतःची आरती ओवाळून घेई. संपादक क्विलिनन या प्रकाराला पार कावले होते. "लिहिताना स्वतःलाही सोडू नकोस, मग नोकरीचं बघू," असं त्यांनी बार्नबीला बजावलं होतं.

आणि नेमका बॅलरॅटविरुद्ध, शेवटच्या गड्याचा, शाळकरी पोरानेही घेतला असता असा झेल बार्नबीने सोडला. सामना गेला. सोमवारच्या अंकात 'कुंपणावरचा' या नावाने त्याने स्वतःला सोलून काढलं: 'ट्रेगीअरऐवजी मेंढी उभी केली असती, तर निदान मैदानातलं गवत तरी कमी झालं असतं.' गाव हसून हसून लोळलं.

हसली नाही ती एक त्याची बायको, लव्हडे. लिहिणारा कोण, हे तिला ठाऊकच नव्हतं. छत्री उगारून ती थेट क्विलिनन यांच्या कचेरीत घुसली. नोकरीचं विचारायला आलेला बार्नबी झटकन टेबलाखाली शिरला.

"कुठाय तो मेला कुंपणावरचा? माझ्या नवऱ्याला मेंढी म्हणतो?"

"मेंढी बरी, असं म्हणतोय तो, बाई," क्विलिनन हसत म्हणाले.

"नाव सांगा त्याचं!"

"लेखकाचं नाव आम्ही फोडत नाही."

पण टेबलाखालून बूट डोकावत होते, आणि ते सकाळीच लव्हडेने घासले होते. तिने नवऱ्याला कॉलर धरून बाहेर ओढलं.

"तू? अरे, तुझ्यापायी मी अख्ख्या गल्लीशी भांडून आले!" मग तिने उगारलेली छत्री खाली घेतली. "खरं सांग, तुझ्या हातून झेल सुटतोच कसा रे?"

बार्नबी कानापर्यंत लाल झाला.

"चेंडू इतका उंच गेला, लव्हडे, आणि उन्हात असा काही क्षणभर थांबला! त्याला काय म्हणावं, तेच शोधत राहिलो. शब्द सापडला, तेव्हा चेंडू पायाशी पडला होता."

लव्हडेने कपाळावर हात मारला. क्विलिनन मात्र हसायचे थांबले.

"खेळाडू म्हणून तू संपलास, बाबा," ते म्हणाले. "उद्यापासून कामाला ये."