एक दगड, दोन डोळे

आमच्या घरात बाराखडीच्या आधी एक गोष्ट शिकवली जायची. काकांच्या डाव्या डोळ्यातलं पांढरं फूल बाबांच्या गोफणीनं पडलं. लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकलताना बाबांचा दगड चुकला आणि धाकट्या भावाला लागला. भुवईवर खूण अजून आहे. तेव्हापासून मटणातली नळी काकांच्या ताटात, वाटणीतलं आंब्याचं झाड काकांकडे आणि एसटीतली खिडकी काकांची. बाबांनी कधी हूं की चूं केलं नाही. काका मात्र नळी ओरपताना मुद्दाम डावा डोळा बाबांकडे वळवत.

मग काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. ज्या उजव्यावर सगळा कारभार चालायचा, त्यानंही दिसेना. केनवडहून रिसोडच्या शिबिरात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, बुबुळावरचा पडदाच गढूळ आहे, मागचं नीट दिसत नाही, अंदाजानं हत्यार घालणार नाही. अकोल्याला न्या, तिथं मशीन आहे. त्या दिवशी काका जेवायला बसले. नळी तशीच ताटात राहिली, तेव्हा आम्ही खरे घाबरलो.

अकोल्याला काकांसोबत बाबा आणि मी गेलो. घरात कॉलेजची पायरी पहिली मी चढले. बी.एस्सी., तेही पहिल्या वर्गात, आणि हे मी न विचारता सांगते. म्हणून फॉर्म भरायचा मान माझा. दोष जन्मापासून की मार लागून, असा रकाना होता. मी झोकात लिहिलं, मार लागून, गोफणीचा दगड. शेजारी बाबांनी मान खाली घातली.

मशीन डोळ्याला शिवतसुद्धा नव्हतं. काकांनी हनुवटी टेकवली, उजेडाकडे पाहिलं, आणि मशीनच्या पडद्यावर त्यांचा डोळा उभ्या चिरलेल्या कांद्यासारखा उघडला. डॉक्टरबाईंनी आधी डावा पाहिला, मग उजवा, मग माझा फॉर्म.

"दगड किती लागले होते?"

"एकच," बाबा म्हणाले.

"मग डाग दोन्ही डोळ्यांत कसा?"

उजव्यातला इतका फिका होता की आजवर कोणाच्या ध्यानातच आला नव्हता. पण फोटोत दोन्ही पडदे आतून सारखेच घडलेले, एका साच्यातून काढल्यासारखे. हे जन्माचंच, बाई म्हणाल्या. मार असता तर आतलं भिंग धरून ठेवणारे धागे तुटल्याची भीती, जन्माचं असलं तर भिंग पडद्याला चिकटल्याची. म्हणून तर आधी विचारतात. काकांचं भिंग सुटं होतं, मधली फट फोटोत स्वच्छ दिसत होती. पडदा जिथं नितळ आहे तिथून शिरायचं, उजवा डोळा आधी करायचा, असं ठरलं. जाता जाता बाईंनी माझ्या सुवाच्य अक्षरावर आडवी रेघ मारली. पहिल्या वर्गावरच मारल्यासारखी लागली मला.

बाबा बाकावर बसून भावाकडे एकटक पाहत होते.

"तुले माहीत होतं?"

"माय म्हणे कधी कधी, जलमापासूनच हाये म्हणून."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलंच कवा, दादा?"

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग बाबांना न्याहाळून म्हणाले, तू तं लय म्हातारा झाला. बाबांनी त्यांचे कपडे पिशवीत भरले. मला वाटलं, मोठ्या मनानं सोडून दिलं.

स्टँडवर रिसोडची गाडी लागली. काकांनी सवयीनं बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. नव्या डोळ्याचा नेम अगदी बरोबर बसला. बाबा आत चढले, रुमालाची घडी करून काकांच्या हातात दिली आणि स्वतः खिडकीशी बसले.

"डोळ्याले वारा लागू द्याचा नाही. बाईनं सांगतलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून कागद काढून वाचून दाखवला. तसं लिहिलंच होतं.

गाडी निघाली. पातूर यायच्या आधीच बाबा गजाला डोकं टेकवून घोरायला लागले.

"झोपाचंच होतं," काका म्हणाले, "तं खिडकी पायजे कायले?"