बहारीन ते कुनमिंग: संगीतकाराची समाधी आणि बंद पेट्या

"बाबा, चीनला गेला होतात ते लिहा ना," असं मुलगी दोन वर्षं माझ्या मागे लागलीय. हा ब्लॉगही तिनेच काढून दिला. बहारीनमधल्या आमच्या माहूज वस्तीच्या जुन्या दिवसांवर मी काही लिहिलं की आपली माणसं वाचतात, खाली प्रश्न टाकतात. मागच्या वेळी एकाने विचारलं, 'काका, कुनमिंगला त्या संगीतकाराची समाधी बघण्यासारखी आहे का?' आता याला उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागेल.

गोष्ट पंच्याऐंशी सालची. मी मनामात एका संगमरवराच्या ठेकेदाराकडे फोरमन होतो. आमचं घराणं सातारा जिल्ह्यातल्या पाथरवटांचं. आजोबा जाती, पाटे घडवायचे. त्यांनी लहानपणीच शिकवलं होतं, दगड डोळ्यांनी बघू नये, कानांनी बघावा. हातोडीने हलकं ठोकायचं. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला की आत चीर आहे, मग वरून कितीही गोरा असो.

जवळच्या रिफा गावात एका बड्या बंगल्याचं काम चालू होतं. इटलीचा दगड परवडेना म्हणून आमच्या मालकाने, म्हणजे अरबाबने, चीनहून मागवला. पहिली खेप आली ती पेटीच्या वरच्या थरात दुधासारखी आणि खाली सगळी भेगाळलेली. चीनला जाऊन तो माल पास करून आलेला आमच्याकडचा थॉमस आठवड्याच्या आत केरळात परत. अरबाबने मला बोलावलं.

"जाधव, इस बार तू जा. ठोक के देख, निशान लगा, और पेटी तेरे सामने बंद होनी चाहिए. गड़बड़ हुई तो तू भी खलास. यल्ला, निकल!"

मुलगी तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती. गावी धाकट्या भावाचं घर अर्धं उभं होतं. माझा व्हिसाही त्याच वर्षी संपत होता. तेव्हा ही सहल वगैरे नव्हती, नोकरीवर टांगलेली तलवार होती.

वरच्या मजल्यावर पुण्याचे देशपांडे राहायचे, बँकेत अकाउंटंट. ते जिन्यातच म्हणाले, "जाधव, बासष्ट विसरलात वाटतं? गोड बोलतील आणि गळा कापतील." मी म्हटलं, "साहेब, मी दगड आणायला चाललोय, सरहद्द आखायला नाही." पण बोलणं डोक्यात बसलं ते बसलंच. बायकोने, शालनने, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि बजावलं, "अहो, तिकडं काय वाट्टेल ते खाऊ नका."

प्रवास असा: बहारीनहून हाँगकाँग विमानाने. तिथे चिनी व्हिसासाठी तीन दिवस थांबलो. मग रेल्वेने कँटन आणि तिथून पंख्याच्या विमानाने कुनमिंग. परक्या माणसाला तेव्हा वेगळ्याच नोटा मिळायच्या, साध्या लोकांच्या नोटा त्याला चालत नसत. मी त्या नोटा उजेडात धरून धरून बघितल्या. हाँगकाँगच्या हॉटेलात तर बूट उशाशी घेऊन झोपलो.

कुनमिंगच्या विमानतळावर निळ्या कोटातला, पन्नाशीचा, बारीक माणूस उभा होता. त्याने हात जोडले.

"नमस्कार, श्रीमान जाधव. आपकी यात्रा सुखद रही?"

आईशप्पथ सांगतो, मी बॅग घट्ट धरून एक पाऊल मागेच सरलो. हिंदी! आणि तीसुद्धा आकाशवाणीच्या बातम्यांसारखी. बहारीनच्या दुकानात आम्ही जी हिंदी बोलतो ती त्याच्यापुढे भांडी घासायच्याही लायकीची नव्हती. नाव म्हणाला लिऊ, दगडाच्या कारखान्याचा दुभाषी. मी मनात म्हटलं, दुभाषी कसला, हा हेर. नाहीतर चीनच्या माणसाला हिंदीचं काय नडलंय?

पहिले दोन दिवस कारखान्याच्या आवारात गेले. हवा झकास, आपल्या महाबळेश्वरसारखी, बहारीनच्या उकाड्यातून आलेल्याला स्वर्गच. मी एकेक फरशी ठोकायचो, चांगली निघाली की मागच्या कडेला छिन्नीने माझी खूण मारायचो. लिऊ शेजारी उभा राहून माझ्या हातोडीकडे टक लावून बघायचा. जेवायला भात, उकडलेले बटाटे आणि पनीरसारखं तळलेलं बकरीच्या दुधाचं काहीतरी मिळायचं. ते मी आधी लिऊला खायला लावायचो आणि मग स्वतः खायचो. चवीला बरं होतं, जाल तेव्हा जरूर खा.

तिसऱ्या दिवशी सकाळी लिऊ म्हणाला, "आज क्रेन खराब है. चलिए, आपको एक महान संगीतकार की समाधि दिखाता हूँ. पश्चिमी पहाड़ पर."

झालं! मी मनात म्हटलं, मला डोंगरावर न्यायचं आणि खाली माल बदलायचा. थॉमसलाही असंच कुठेतरी फिरवून आणलं असणार. "मुझे नहीं देखना," मी म्हटलं. तर त्याचा चेहरा असा पडला की बाजूला उभा असलेला मॅनेजर त्याला काहीतरी विचारायला लागला. पाहुणा, तोही एकटा, करणार काय? निघालो. निघताना फरशांची रांग पुन्हा मोजली.

बस गर्दीची, भाडं नाममात्र. डोंगराच्या पायथ्याशी उतरून चढायचं. खाली अफाट तळं पसरलेलं, त्यात पालाच्या होड्या. चढ दमवतो, गुडघे धड असतील तेव्हाच जा. समाधी झाडीत आहे. वरून पाहिलं तर त्यांच्याकडच्या गोल तंतुवाद्याच्या आकारात बांधलेली. फुलांचे सात वाफे आहेत, सात स्वरांचे. संगीतकाराचा पांढरा पुतळा. लिऊ सांगत होता, हा इथलाच मुलगा. त्याच्या गाण्यांनी देश पेटला आणि तो परक्या मुलखातल्या समुद्रात बुडून गेला, तेविसाव्या वर्षी. अस्थी इथे आणल्या.

"ये चौबीस सीढ़ियाँ उसकी आयु हैं."

"अभी तो तेईस बोला!" मी लगेच पकडलं.

तो हसला. त्यांच्याकडे म्हणे मूल जन्मतं तेच एका वर्षाचं धरतात. मला काही पटेना. मी खाली जाऊन पायऱ्या मोजल्या. चोवीसच होत्या.

पायऱ्या मोजता मोजता हाताच्या सवयीने बोटाच्या पेराने कठड्याचा दगड ठोकला. लिऊ वरून बघत होता. म्हणाला, "मैं जानता था, आप ठोकेंगे. दो दिन से देख रहा हूँ. जो पत्थर को कान से परखे, उसे यहाँ आना ही चाहिए."

मग आम्ही तिथेच पायरीवर टेकलो. शाळेतल्या मुलींचा घोळका पुतळ्यासमोर उभा राहून गात होता. लिऊ म्हणाला, तो पेकिंगला हिंदी शिकला तेव्हा दोन्ही देश भाऊ-भाऊ होते. मग लढाई झाली. त्याच्यावर संशय घेतला गेला, हा हिंदुस्थानचा माणूस म्हणून. पुस्तकं गेली, नोकरी गेली, शेतावर पाठवलं. वीस वर्षं तो कुणाशी हिंदीचा शब्द बोलला नाही. हे काम गेल्याच वर्षी मिळालं, थॉमस सगळं इंग्रजीतच बोलला होता, आणि त्याच्या हिंदीला मिळालेला पहिला माणूस मी.

"कोई भूल हो तो बताइए," तो म्हणाला. "उच्चारण की."

आणि मी काय केलं असेल? घड्याळात बघितलं. एवढी करुण कहाणी म्हणजे मला अडकवून ठेवायची युक्ती, असं मला वाटलं. लाज वाटते लिहायला, पण खरं ते खरं. "चलो, देर हो रहा है," म्हणून मी उठलोच.

कारखान्यात पोचलो तर आवारात सगळ्या पेट्या खिळे ठोकून बंद! क्रेन दिमाखात उभी, शेवटची पेटी ट्रकवर चढत होती. माझं टाळकंच सटकलं. मी ओरडलो, पेट्या उघडा. मॅनेजर हात हलवून आभाळाकडे दाखवत राहिला. लिऊ धापा टाकत भाषांतर करत होता, "क्रेन जल्दी ठीक हो गई, और बारिश आ रही थी, इसलिए बाँध दिया. रेल का डिब्बा शाम को निकलेगा, खोलने का समय नहीं है. मैं वचन देता हूँ, वही पत्थर हैं."

"तुझं वचन घेऊन मी सातारला जाऊ काय?" हे मी मराठीतच बोललो.

सहीचा कागद पुढे आला. मी त्यावर माझ्या मोडक्या इंग्रजीत शेरा मारला: पेट्या माझ्यामागे बंद केल्या, दुभाषाने मला मुद्दाम बाहेर नेलं, माल तपासलेला नाही. खाली सही ठोकली. मॅनेजरला इंग्रजी येत नव्हतं. त्याने कागद लिऊपुढे धरला, काय लिहिलंय म्हणून. लिऊने वाचलं. क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे, एकेका शब्दावर बोट ठेवत, त्याने त्या शेऱ्याचं भाषांतर करून सांगितलं. काही गाळलं नसणार, कारण मॅनेजरची मान सावकाश लिऊकडे वळली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर सोडायला दुसराच कोणीतरी आला, हातवारे करून बोलणारा.

पेट्या दोन महिन्यांनी मिना सलमान बंदरात उतरल्या. रिफाच्या साइटवर मी स्वतः पहार घेऊन पहिली पेटी उघडली. प्रत्येक फरशीवर माझी खूण. ठोकलं, खणखणीत. सगळ्या पेट्या उघडेपर्यंत दुपार टळली. एक फरशी बदललेली नाही, एक फुटलेली नाही. फरश्यांमध्ये भरलेलं भाताचं काड कोरडं ठणठणीत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काड भिजलं की पांढऱ्या दगडाला पिवळे डाग पडतात, ते कशाने जात नाहीत. पाऊस यायच्या आत पेट्या बांधल्या म्हणून माल वाचला होता. पाथरवटाच्या पोराला हे कळू नये?

अरबाब खूश. "शाबाश! ऐसा शक्की आदमी चाहिए मुझे."

पुढच्या आठवड्यात कारखान्याचा टेलेक्स आला. दोनच प्रश्न होते. माल कसा पोचला? दुभाषाबद्दलचा तुमचा शेरा कायम आहे का? अरबाबने कागद माझ्याकडे सरकवला, "तू जवाब दे."

शालनला सांगितलं तर ती म्हणाली, "मग लिहा की, चूक माझी होती म्हणून. बिचाऱ्यानं किती केलं तुमच्यासाठी!"

"अगं, व्हिसा पाच आठवड्यांनी रिन्यू व्हायचाय. खोटा शेरा मारला असं लिहून देऊ? अरबाब उद्या म्हणेल, हा दगडाबद्दलही असंच लिहितो."

"आणि त्याचं हो?"

"शिक्का पडू दे, मग बघतो."

मी उत्तर पाठवलं: माल उत्तम पोचला. दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही.

पाच आठवडे गेले. पासपोर्टवर शिक्का पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अरबाबसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. तो हसायलाच लागला. "बस? इतनी सी बात? मुझे पत्थर से मतलब, जाधव. लिख दे, लिख दे." त्याने तोंड वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी टेलेक्स केला: शेरा चुकीचा होता, दोष माझा, श्री. लिऊ अत्यंत प्रामाणिक.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुमच्याकडून खुलासा न आल्यामुळे श्री. लिऊ यांना मागच्या महिन्यात दुभाषाच्या कामावरून दूर करण्यात आलं आहे. ते कुठे आहेत याची आमच्याकडे नोंद नाही.

मी कारखान्याच्या पत्त्यावर हिंदीतून तीन पत्रं टाकली. तिकडे ती वाचणारा आता कोण होता? एकाचंही उत्तर आलं नाही.

तर, समाधी बघण्यासारखी आहे का, या प्रश्नाचं उत्तर: आहे, जरूर जा. मला मात्र आज तिचा दगड नीट आठवत नाही, मी तिथे घड्याळच बघत होतो. आठवतो तो शेजारी पायरीवर बसलेला माणूस.

त्यानंतर बहारीनमध्ये मी आणखी एकोणीस वर्षं काढली. माझा व्हिसा दर वेळी रिन्यू झाला.