आत्याच्या वाट्याचं पाणी

शिवणाच्या मशीनवर बसून आत्या बोलायला लागली की सुई आणि जीभ यांची शर्यत लागायची, आणि बिचारी सुई हरायची. जमीन म्हणाल तर मशीनखाली मावेल तेवढीच, तीही भाड्याची. नवरा देवमाणूस. कुणालाही 'नाही' म्हणणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून गावाने त्याचं नाव होयबा ठेवलेलं.

डोंगरउतारावर आडवे चर खणून पाणी अडवायचं, खाली तळं बांधायचं ठरलं, तेव्हा माणसंच जमेनात. अखेर या कामाचे पुढारी झालेल्या शाळेच्या गुरुजींनी सभेत जाहीर केलं, "जे घर राबेल, त्याला तळ्याच्या पाण्याचा वाटा. सगळ्यांना सारखा!" शेतवाले अर्धेमुर्धे आले. बिनजमिनीची माणसं मात्र झाडून सगळी आली. आत्या दिवसा कुदळ मारायची, संध्याकाळी कपडे शिवायची. होयबा स्वतःची घमेली वाहायचा आणि मागेल त्याचीही.

तळं भरलं. वाटपाच्या सभेत मोठ्या बागेचे मालक तात्या उठले. "आत्याबाई, तुम्हाला शेत नाही. पाण्याचं काय कपड्याला अस्तर लावणार?"

"घाम गाळत होते तेव्हा नाही विचारलंत, शेत आहे का म्हणून!"

सभेत हशा पिकला. वाटा मिळाला, पण गुरुजींनी नियम वाचला: या हंगामात पाणी वापरलं नाही, तर वाटा गेला. आता रान आणायचं कुठून?

दुसऱ्या दिवशी आत्या कापड घेऊन बाजारातून परतली, तर होयबा मान खाली घालून बसलेला.

"अगं, तात्या आले होते. आपलं पाणी मागत होते. मी हो म्हटलं."

"बदल्यात काय देणार?"

"ते विचारायचं राहिलं."

आत्याने कपाळाला हात लावला.

"आणि गवळ्यालाही हो म्हटलंय. सुताराच्या मेव्हण्यालाही. सगळे इतकं गोड बोलत होते गं!"

आत्या भडकली, मग थबकली, मग खो खो हसत सुटली. "अहो, एकालाच शब्द दिला असता तर बुडालो असतो!"

पुढचा प्रवेश आत्याच्या दारात. तिघे एकाच वेळी हजर.

"शब्द आधी मला दिलाय," तात्या गरजले.

"मग मी काय शेपटीला आलो?" गवळी म्हणाला. "आत्या, रोज तांब्याभर दूध देतो."

"मी दोन पोती धान्य!" तात्यांनी बोली चढवली.

मेव्हण्याकडे होतं काय? कोरडं रान. तो चाचरत म्हणाला, "रान माझं, पाणी तुमचं, पीक निम्मं-निम्मं."

"निम्मं? मग मीही देतो!" तात्या उसळले.

"पण पेरायचं काय, ते मी ठरवणार," आत्या म्हणाली. "उगीच घटाघटा पाणी पिणारं पीक नको."

"माझ्या रानात तुमचा हुकूम?" तात्या तणतणत निघून गेले. गवळ्याने 'आपल्याला नाही परवडायचं' म्हणत हात जोडले. मेव्हण्याने डोकं खाजवलं. "चालेल. रान नुसतं पडून कंटाळलंय."

आत्याने कांदा ठरवला. रोपं लागली आणि तळ्याचं पाणी पाटातून झुळझुळत आलं, तशी आत्या चपला भिरकावून थेट वाफ्यात उतरली.

"आत्या! अहो, रोपं तुडवताय!" मेव्हणा बांधावरून ओरडला.

"तुडवतेय ती माझ्या निम्म्यातली," आत्या म्हणाली आणि आणखी दोन पावलं पुढे गेली.